नवा फोन रूपावर नको, अंगावर पारखा

दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांतली मजुरी हातात आली, की सुरगाणा तालुक्यातल्या कितीतरी घरांत नव्या फोनचा विषय निघतो. दहा-बारा हजार रुपये तुम्ही घाम गाळून आणलेले असतात. म्हणून दुकानात घाई करू नका.

दुकानातल्या दिव्यांखाली प्रत्येक फोन देखणा दिसतो. चकचकीत पाठ, कडेपर्यंत आलेली काच, मागे मोठमोठे कॅमेरे. पण फोन दुकानात राहणार नाही. तो तुमच्याबरोबर आवणीच्या चिखलात येणार, नागलीच्या खळ्यावर धूळ खाणार, घाटात मोटारसायकलवर हादरणार.

आधी फोन एका हातात धरा. अंगठा वरच्या कोपऱ्यापर्यंत पोचतो का पाहा. घरात चांगला फोन एकच असेल, तर आई, मुलगी, आजोबा सगळेच तो वापरणार. जमलं तर त्यांना बरोबर न्या आणि त्यांच्या हातात देऊन बघा.

मग हात जरा ओला करून धरा. काचेची पाठ हातातून निसटते आणि पडली की तडकते. खरखरीत प्लास्टिकची पाठ साधी दिसते, पण मार सोसते. मी तरी तीच घ्या म्हणेन.

दुकानाबाहेर उन्हात या. स्क्रीनवरचा नंबर वाचता येतो का? आवाज मोठा करून घंटी वाजवा. शेतात बांधावर ठेवलेला फोन ऐकू यायला हवा.

आता पावसाचं. आपल्याकडे चार महिने तो कसा कोसळतो, तुम्हाला ठाऊक आहे. दुकानदार म्हणेल, ‘वॉटरप्रूफ आहे.’ त्याला आयपीचा आकडा विचारा. पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. ५४ असेल तर फोन पाण्याचे शिंतोडे सोसतो, बुडवून चालत नाही. ६७ असेल तर एक मीटरपर्यंतच्या साध्या पाण्यात अर्धा तास टिकण्याची चाचणी झालेली असते. पण ती चाचणी नव्या फोनची. एकदा आपटला, उघडून दुरुस्त केला, की तो भरवसा राहत नाही. शिवाय पाणी शिरून झालेला बिघाड बहुतेक कंपन्या वॉरंटीत धरत नाहीत. आकडा कितीही मोठा असो, पावसात फोन प्लास्टिकच्या पिशवीतच ठेवा.

भिजलाच तर बंद करा, पुसा, चार्जिंगचं भोक खाली करून हलकेच झटका आणि वाऱ्यावर ठेवा. ओला असताना चार्जिंगला लावू नका. तांदळाच्या डब्यातही पुरू नका. तांदळाची बारीक भुकटी आत जाते. अ‍ॅपल कंपनीनेही आपल्या ग्राहकांना हेच सांगितलं आहे.

रेंजचा त्रास तर पाड्यापाड्यावर आहे. त्यात फोनच्या बांधणीचाही भाग असतो, हे फार जणांना माहीत नसतं. २०१० साली आलेला आयफोन ४ खूप महाग होता. त्याची अँटेना कडेच्या धातूच्या पट्टीतच होती. डावीकडचा खालचा कोपरा मुठीत धरला की रेंज पडायची. शेवटी कंपनीला लोकांना फुकट कव्हरं द्यावी लागली. म्हणजे अँटेनेच्या आड धातू किंवा हात आला की रेंज अडते. म्हणून धातूचं कव्हर घेऊ नका. टेकडीवर जाऊन बोलताना फोन मुठीत आवळू नका, स्पीकर लावून बोटांनी अलगद धरा.

सिमची खाच उघडून बघायला सांगा. घरी एका कंपनीची रेंज आणि बाजारात दुसरीची, असं असेल तर दोन सिम लागतातच. काही फोनमध्ये दुसरं सिम घातलं की मेमरी कार्डाला जागा उरत नाही. वेगळी खाच असलेला फोन बरा.

बोटाच्या ठशाने उघडणाऱ्या कुलपावर विसंबू नका. रेशन दुकानातल्या मशीनवर ज्यांचा अंगठा लागत नाही, त्यांचा इथेही अडतो. आकड्यांचं कुलूप ठेवा आणि घरातल्या एका विश्वासू माणसाला तो आकडा सांगून ठेवा.

आणखी एक विचाराच: ‘स्क्रीन फुटली तर बदलायला किती?’ कडेला वळलेली स्क्रीन सहसा महाग पडते, आणि तिच्यावर जादा काचही नीट बसत नाही. सपाट स्क्रीनच घ्या. दुरुस्तीसाठी नाशिक गाठायचं म्हणजे भाडं जातं आणि मजुरीचा खाडा पडतो.

पैसे देण्याआधी *#06# दाबा. दिसणारा पंधरा अंकी नंबर खोक्यावरच्या आणि बिलावरच्या नंबराशी जुळला पाहिजे. पक्कं बिल घ्या. आणि जादा काच व कडा उंच असलेलं कव्हर तिथेच बसवून घ्या, घाटातून घरी न्यायचा आहे.