मदरबोर्ड बदलला, परवाना कोठे गेला?

तुमच्यापैकी पुष्कळांच्या दप्तरात एस.टी.चा पास असेल. त्यावर तुमचे छायाचित्र असते. आता समजा, पास काढल्यावर आठवड्याभराने तुम्ही केस अगदी बारीक कापले आणि त्याच सुमारास तुम्हांला चष्माही लागला. वाहकाने पास पाहिला, तुमच्याकडे पाहिले आणि म्हणाला, "हा मुलगा तू नव्हेस. नवा पास काढ." तुम्हांला काय वाटेल? पैसे भरलेले, पास खरा, तुम्हीही खरे. बदलले ते केस आणि चष्मा!

आमच्या शेजारी आठवीत शिकणारी एक मुलगी राहते. तिच्या घरच्या संगणकाची गेल्या पावसाळ्यात जवळजवळ अशीच अवस्था झाली. एका सकाळी तो सुरूच होईना. दुरुस्तीवाल्याने तपासून सांगितले, की मदरबोर्ड गेला. तशाच बनावटीचा मदरबोर्ड बाजारात मिळेना, म्हणून थोडा नवा बसवावा लागला. नव्या मदरबोर्डला जुना प्रोसेसर चालत नव्हता, तेव्हा तोही बदलला. आणि रॅमचा प्रकार वेगळा, म्हणून रॅमही. हार्ड डिस्क, पडदा, कळफलक सारे जुनेच. संगणक सुरू झाला, तिची विज्ञान प्रकल्पाची चित्रे जागच्या जागी होती. पण पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात फिकट अक्षरे उमटली: "ॲक्टिव्हेट विंडोज". दुकानदार म्हणाला, नवे लायसन घ्यावे लागेल. मुलगी माझ्याकडे आली. "काका, लायसनचे पैसे बाबांनी तेव्हाच दिले होते ना? मग ते गेलं कुठं?"

प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर शोधताना एक मोठा प्रश्न पुढे येतो. संगणक 'तोच' आहे हे कशावरून ठरवायचे, आणि ठरवायचे कोणी?

आधी दुसरी बाजू ऐकून घेऊ. ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे संगणकाच्या सर्व भागांकडून काम करून घेणारी मूळ आज्ञावली, तयार करायला हजारो माणसांची वर्षानुवर्षांची मेहनत लागते. तिची नक्कल करायला मात्र काही मिनिटे पुरतात. हे भांडण तसे जुनेच. १९७६ च्या फेब्रुवारीत बिल गेट्स यांनी संगणकाच्या हौशी मंडळींना एक उघडे पत्र लिहून तक्रार केली होती, की आमची बेसिक भाषेची आज्ञावली बहुतेक जण विकत न घेताच वापरतात. तक्रार अगदीच खोटी नव्हती. पुढे पंचवीस अक्षर-अंकांची किल्ली आली. पण एक किल्ली दहा घरांत फिरू लागली. तेव्हा ऑक्टोबर २००१ मध्ये बाजारात आलेल्या विंडोज एक्सपीबरोबर मायक्रोसॉफ्टने परवान्याची गाठ यंत्राशी बांधली. ती गाठ कशी बांधली, हे विज्ञानाच्या विद्यार्थ्याने समजून घेण्यासारखे आहे.

संगणकातल्या पुष्कळ भागांना स्वतःची ओळख असते. उदाहरणार्थ, प्रत्येक नेटवर्क कार्डाला ४८ बिटांचा क्रमांक असतो. अठ्ठेचाळीस बिटांत सुमारे २८१ लाख कोटी वेगवेगळे क्रमांक मावतात. एक्सपी हा क्रमांक जसाच्या तसा पाठवीत नसे. त्यावर गणित करून केवळ १० बिटांचा, म्हणजे हजाराच्या आसपास शक्यता असलेला आकडा काढी. या गणिताला 'हॅश' म्हणतात. घरी करून पाहा. तुमचा दहा आकडी दूरध्वनी क्रमांक घ्या, त्याला ९७ ने भागा आणि केवळ बाकी लिहून ठेवा. ती बाकी मैत्रिणीला दिली, तर तिला तुमचा क्रमांक शोधता येणार नाही, कारण तीच बाकी देणारे दहा आकडी क्रमांक नऊ कोटींहून अधिक आहेत. पण उद्या तोच क्रमांक पुन्हा भागला, की बाकी हटकून तीच येईल. म्हणजे ओळख पटते, गुपित मात्र उघडे पडत नाही. युक्ती सुरेख आहे यात शंका नाही.

अशा दहा गोष्टी एक्सपी पाहत असे: चित्र दाखवणारे कार्ड, नेटवर्क कार्ड, हार्ड डिस्क, तिच्यावरील विभागाचा क्रमांक, सीडी ड्राइव्ह, प्रोसेसरचा प्रकार, त्याचा अनुक्रमांक, रॅमचे आकारमान आणि डिस्कना जोडणारे दोन प्रकारचे नियंत्रक. या सगळ्यांतून आणि किल्लीवरून एक पन्नास आकडी क्रमांक तयार होई. इंटरनेट नसेल, तर तो दूरध्वनीवर वाचून दाखवायचा आणि उत्तरादाखल मिळालेले बेचाळीस आकडे एकेक करून टंकायचे. (हे काम ज्यांनी केले आहे, त्यांना एक आकडा चुकल्यावर काय वाटते ते विचारा.)

आता वाहकाचा प्रश्न. चेहरा किती बदलला म्हणजे माणूस दुसरा? एक्सपीत याचे उत्तर ठरलेले होते आणि ते प्रसिद्धही केलेले होते. नेटवर्क कार्ड तेच असेल, तर बाकीच्यांपैकी सहा गोष्टी बदलेपर्यंत यंत्र तेच समजले जाई. नेटवर्क कार्ड बदलले किंवा मुळातच नसले, तर त्याच्यासह चार बदल झाले, की पुन्हा नोंदणी मागितली जाई. बर्लिनमधील एका लहानशा कंपनीने तर जुलै २००१ मध्येच, एक्सपी बाजारात येण्यापूर्वी, तिची चाचणी-आवृत्ती उलगडून कोणत्या भागाला किती बिट दिले आहेत ते जगाला सांगून टाकले होते.

आणि येथेच आमच्या शेजारणीच्या कोड्याची पहिली गाठ सुटते. घरच्यांच्या हिशेबाने संगणकात एक बिघाड झाला आणि एक दुरुस्ती झाली. पण नेटवर्कची चिप आणि डिस्कचे नियंत्रक आता मदरबोर्डवरच बसवलेले असतात. त्यात प्रोसेसर नवा, रॅम नवी. आपण मोजली एक गोष्ट, यंत्राने मोजल्या चार-पाच!

आजच्या विंडोजमध्ये मात्र मोजणी कशी होते, याचा तसा तक्ता कंपनीच्या मदतपानांवर मला आढळला नाही. 'लक्षणीय बदल' झाल्यास परवाना पुन्हा कार्यान्वित करावा लागेल, एवढेच तेथे म्हटलेले असते आणि उदाहरण म्हणून मदरबोर्डचे नाव दिलेले असते. माझा पहिला आक्षेप येथे आहे. चोरांना पळवाट सापडू नये म्हणून तक्ता झाकून ठेवला, असे कोणी म्हणेल. पण २००१ मध्ये तो उघड होता आणि त्याने काही आभाळ कोसळले नाही. परीक्षेत किती गुणांना उत्तीर्ण, हे परीक्षेआधी सांगायला नको का?

दुसरी गाठ अधिक अवघड आहे. विंडोजचे परवाने मुख्यतः दोन जातींचे. एक सुटा विकत घेतलेला. तो जुन्या यंत्रावरून काढून नव्या यंत्रावर नेता येतो. दुसरा यंत्राबरोबरच आलेला. तो त्या यंत्राशी बांधलेला, त्याच्याबरोबर जगायचा आणि त्याच्याबरोबरच संपायचा. दुसरा स्वस्त पडतो, म्हणून बहुधा तोच दिला जातो. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, मोठ्या कंपन्यांच्या तयार संगणकांत त्याची किल्ली मदरबोर्डवरच्या चिपमध्येच लिहिलेली असते. बोर्ड गेला, की किल्लीही गेली.

या दुसऱ्या जातीच्या परवान्यासाठी मायक्रोसॉफ्टचा एक नियम मोठा चमत्कारिक आहे. संगणकाचे इतर बहुतेक भाग बदला, संगणक तोच. मदरबोर्ड अधिक चांगला हवा म्हणून बदललात, तर तो नवा संगणक झाला आणि परवानाही नवा हवा. पण तोच मदरबोर्ड बिघडला म्हणून बदललात, तर संगणक जुनाच! बोर्ड एकच, स्क्रू तेच, बसवणारा माणूसही तोच असू शकेल. संगणक नवा की जुना हे अवलंबून आहे ते बदलण्याच्या कारणावर.

नियम मला चुकीचा वाटत नाही. दुरुस्तीला दंड नसावा, हे त्यात मान्य केलेले आहे, आणि ते योग्यच आहे. पण विचार करा, हॅशला कारण कळते काय? बाकी काढणारे गणित 'काय बदलले' हे अचूक सांगेल. 'का बदलले' हे त्याला कधीच सांगता येणार नाही. कारण ठाऊक असते घरच्या माणसाला, दुरुस्तीवाल्याला आणि पावतीला. तेव्हा जेथे हक्क कारणावर अवलंबून आहे, तेथे निर्णयाच्या शेवटच्या पायरीवर ऐकून घेणारे माणूस असलेच पाहिजे, आणि ते सहज सापडले पाहिजे. यंत्राने आधी चाळून घ्यावे, त्याला माझी ना नाही. पण ज्याला फक्त 'काय' कळते, त्याच्या हाती 'का'चा न्याय देणे हे विज्ञान नव्हे.

युरोपातील न्यायालयानेही २०१२ मध्ये एका खटल्यात काहीसा या दिशेचा विचार केला. कायमच्या वापरासाठी किंमत देऊन घेतलेला आज्ञावलीचा परवाना, स्वतःची प्रत निकामी करून, दुसऱ्याला विकता येतो असा तो निकाल होता. म्हणजे विकत घेतलेली वस्तू ही काही अंशी तरी घेणाऱ्याची झाली. आपल्याकडे भारत सरकारने २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली आणि त्यासाठी एक संकेतस्थळही सुरू केले. ट्रॅक्टर, भ्रमणध्वनी, मोटारी यांची चर्चा त्यात झाली. परवान्याची चर्चाही त्यात व्हायला हवी, कारण भाग बदलून मिळाला आणि वापरण्याची परवानगी गेली, तर ती दुरुस्ती अर्धीच.

आता तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? बाजारात कोणीतरी परवान्याचे कुलूप तोडणारी आज्ञावली फुकट देतोच की! मित्रांनो, तो मार्ग धरू नका. आपल्या कॉपीराइट कायद्यात संगणकाच्या आज्ञावलीची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणे हा गुन्हा आहे. आणि कुलूप तोडायला आलेला माणूस घरातले आणखी काय उचलील, याचीही खात्री नसते. अशा आज्ञावल्यांतून विषाणू शिरल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. परवान्याचे बंधन अजिबातच नको असेल, तर सरळ मार्ग आहे: लिनक्स. १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने त्याची सुरुवात केली. डेबियन, उबुंटू ही त्याचीच रूपे; आपल्या सी-डॅकने तयार केलेली बॉस ही प्रणालीही त्यातलीच. तुम्ही आज मदरबोर्ड बदला, उद्या पुन्हा बदला. ती किल्ली मागत नाही, कारण तिला किल्लीच नाही. केरळातील शाळा मुक्त आज्ञावल्यांवरच शिकवतात. आपल्याकडील शाळांनी जुन्या यंत्रांसाठी तरी हा विचार करावा, असे मला वाटते. विशेषतः विंडोज १० ची नेहमीची विनामूल्य देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आहे आणि अनेक जुनी यंत्रे विंडोज ११ च्या अटीत बसत नाहीत.

ज्यांच्या घरी विंडोज आहे, त्यांनी भाग बदलण्यापूर्वीच एक काम करावे. ऑगस्ट २०१६ पासून परवाना आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडून ठेवण्याची सोय आहे. तशी जोडणी केलेली असेल, तर भाग बदलल्यावर सेटिंगमधील ॲक्टिव्हेशनच्या पानावर जाऊन, याच यंत्राचे भाग अलीकडे बदलले आहेत, असे सांगता येते आणि परवाना परत मिळू शकतो. मात्र परवान्याच्या जातीत ते बसत असले पाहिजे, होम किंवा प्रो ही आवृत्ती तीच असली पाहिजे, आणि असे किती वेळा करता येईल यालाही मर्यादा आहे. परवान्याहून मोठा धोका दुसराच आहे. काही नव्या संगणकांत हार्ड डिस्क कुलूपबंद असते आणि त्या कुलपाची किल्ली मदरबोर्डवरील सुरक्षा-चिपमध्ये असते. बोर्ड बदलताच संगणक अठ्ठेचाळीस आकडी पुनःप्राप्ती-किल्ली मागतो. ती आधी लिहून ठेवलेली नसेल आणि खात्यातही नसेल, तर तुमची चित्रे, प्रकल्प, सारेच अडकते. परवाना गेला तर पैसे जातात. ही किल्ली हरवली, तर केलेले काम जाते.

शेजारच्या मुलीकडे डिस्क कुलूपबंद नव्हती, हे नशीब. कोपऱ्यातल्या अक्षरांनी तिचे कोणतेच काम अडले नाही; फक्त पडद्याची पार्श्वभूमी आणि रंग सेटिंगमधून बदलता येईनात. परवान्याची जोडणी मात्र कोणीच केलेली नव्हती, आणि पावतीवर दुकानदाराने नुसते 'विंडोज' एवढेच लिहिले होते. कोणत्या जातीचा परवाना, हे त्याने सांगितले नव्हते. मला वाटते, त्याला स्वतःलाही ते ठाऊक नसावे. अशा पावतीवर परवान्याची जात छापणे सक्तीचे केले, तर दुकानदाराला एका ओळीचे जास्त काम पडेल आणि गिऱ्हाइकाचे हजारो रुपये वाचू शकतील. अखेर तीन दिवस खटपट केल्यावर मदतकेंद्रात एक माणूस भेटला. त्याने जुनी पावती, नवी पावती आणि बिघाडाची हकिकत ऐकून घेतली, आणि परवाना चालू करून दिला.

त्या संध्याकाळी मुलगी पुन्हा आली. "काका, आता आतला पंखा पण आवाज करतोय. तो बदलला तर परत सगळं?"

नाही. पंख्याला, पेटीला आणि वीजपुरवठ्याच्या डब्याला विंडोज मोजीत नाही. ते कितीही वेळा बदला.