वॉरंटी संपली, दोष मात्र जुनाच

मोटारसायकलीच्या वर्कशॉपमध्ये एक वाक्य नेहमी कानी पडते : "शेठ, या मॉडेलला हा प्रॉब्लेम येतोच." मेकॅनिक ते सहज बोलून जातो. काउंटरवरचा सुपरवायझर मात्र लगेच पुस्ती जोडतो, "पण गाडी आता वॉरंटीत नाही." हे दुसरे वाक्य ऐकून बहुतेक मालक मुकाट्याने बिल भरतात. वस्तुतः मालकाच्या दृष्टीने अधिक मोलाचे असते ते पहिले वाक्य.

वॉरंटी हे उत्पादकाने दिलेले मुदतबंद वचन होय. मुदत सरली की वचन सरते. वापराने जे झिजते, त्याचा खर्च मालकानेच सोसावयाचा, याविषयी दुमत नाही. परंतु गाडी कारखान्यातून बाहेर पडली तेव्हाच जो दोष तिच्यात होता, तो उशिरा प्रकट झाला एवढ्यावरून झीज ठरत नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यातील दोषाची व्याख्या गुणवत्तेतील व दर्जातील उणिवेविषयी बोलते, आणि तो दर्जा लेखी कराराने ठरलेला असो वा गृहीत धरलेला असो, दोन्ही तीत येतात. वॉरंटी कार्डावरची तारीख म्हणजे या व्याख्येची सीमा नव्हे.

हा भेद उत्पादकांनाही मान्य असल्याचे त्यांच्याच व्यवहारावरून दिसते. 2024 च्या अखेरीस होंडाने भारतातील सीबी 300 व सीबी 350 या श्रेणींतील मोटारसायकलींचे काही भाग बदलून देण्याचे जाहीर केले. ऑक्टोबर 2020 ते एप्रिल 2024 या काळात तयार झालेल्या गाड्यांच्या चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरचे मोल्डिंग सदोष असून त्यात पाणी शिरू शकते, असे आढळले होते. परिणाम स्पीडोमीटरपुरता मर्यादित नव्हता. एबीएसवर, आणि टोकाच्या प्रसंगी ब्रेकवरही तो होऊ शकत होता. भाग विनामूल्य बदलून मिळेल, वॉरंटीची मुदत उरली असो वा नसो, असे त्या घोषणेत स्पष्ट म्हटले होते.

म्हणून पहिली चौकशी रिकॉलची करावी. रिकॉल चासी क्रमांकाला जोडलेला असतो, मालकाच्या नावाला नव्हे. गाडी दुसऱ्या हाताने घेतलेली असेल, मोबाइल क्रमांक बदलला असेल, तर कंपनीचा निरोप पोहोचतच नाही आणि मालक स्वतःच्या पैशांनी तोच भाग बदलून मोकळा होतो. उत्पादकाच्या संकेतस्थळावर वा अधिकृत वर्कशॉपमध्ये चासी क्रमांक देऊन खात्री करण्यास पाच मिनिटेही लागत नाहीत. एप्रिल 2021 पासून रिकॉलसंबंधीचे सरकारी नियमही लागू झाले आहेत. सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या वाहनातील सुरक्षिततेशी निगडित दोषाची तक्रार मालक वाहन पोर्टलवर नोंदवू शकतो. एकट्याच्या तक्रारीने रिकॉल होत नाही हे खरे. विक्रीच्या प्रमाणात तक्रारींची ठरावीक संख्या भरावी लागते. ती संख्या मात्र एकेका तक्रारीनेच भरते.

रिकॉल नसेल तेव्हा खरी कसोटी कागदाची. मेकॅनिकचे ते अमूल्य वाक्य कोणीही लेखी देत नाही. तथापि जॉबकार्डावर तक्रार कोणत्या शब्दांत लिहिली जाते, हे मालकाच्या हाती असते. 'जनरल चेकअप' असे लिहू देऊ नये. 'इंजीन तापल्यावर गाडी बंद पडते, मागील सर्व्हिसच्या वेळीही हीच तक्रार होती' असे लिहवून घ्यावे, किलोमीटरचा आकडा पाहावा आणि प्रत मागावी. बदललेला जुना भाग मागून घेऊन तारखेच्या चिठ्ठीसह जपून ठेवावा. गाडी नेताना 'काम समाधानकारक' या छापील ओळीखाली सही मागतात. समाधान झाले नसेल तर तसे शेजारी लिहूनच सही करावी. व्यापारी घरांत चोपड्या काटेकोर असतात, पण गाडीच्या पावत्या डिकीत भिजत पडलेल्या आढळतात, ही नवलाचीच गोष्ट म्हणावयाची.

यानंतर काउंटरवर वाद घालण्यापेक्षा उत्पादकाच्या सेवा विभागाला पत्र धाडावे. चासी क्रमांक, खरेदीची तारीख, वेळेवर केलेल्या सर्व्हिसच्या नोंदी, दोषाचा क्रम आणि मोजकी मागणी, एवढे पुरे. वॉरंटी नुकतीच संपली असेल आणि नोंदी स्वच्छ असतील तर पुष्कळ कंपन्या 'गुडविल' म्हणून भागाची किंमत स्वतः सोसतात व मजुरी मालकाकडून घेतात. असा प्रस्ताव आला तर तो सहसा नाकारू नये. दाद मिळाली नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. संपूर्ण गाडी बदलून द्या, असा हट्ट बहुधा फळत नाही. मारुती उद्योग विरुद्ध सुशीलकुमार गबगोत्रा या खटल्यात 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने सदोष भाग बदलण्यापुरतीच जबाबदारी मानली होती.

तरीही प्रश्न सुटला नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तक्रार स्वतःच्या निवासाच्या जिल्ह्यात करता येते, आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीस शुल्क नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची. येथे अनेकजण फसतात. कंपनीशी पत्रव्यवहार चालू आहे, एवढ्याने मुदत लांबत नाही. 'वरच्या ऑफिसला कळवले आहे' या उत्तरांत दीड वर्ष सहज निघून जाते. शिवाय दोष निर्मितीतलाच आहे हे सिद्ध करण्यास तज्ज्ञाचा अभिप्राय लागतो; जपून ठेवलेला जुना भाग तेव्हा कामी येतो.

व्यापारी कुटुंबांनी आणखी एक अडचण आधीच ओळखावी. गाडी पेढीच्या नावे घेतली व तिच्यावर दरसाल 15 टक्के घसारा दाखविला की, ही खरेदी व्यापारी हेतूने झाली, सबब हे ग्राहकच नव्हेत, असा बचाव समोरून हटकून येतो. लीलावती कीर्तिलाल मेहता मेडिकल ट्रस्टच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये खरेदीचा मुख्य हेतू व नफ्याशी त्याचा निकटचा संबंध ही कसोटी सांगितली आहे, त्यामुळे हा बचाव प्रत्येक वेळी टिकेल असे नाही. स्वतःच्या चरितार्थासाठी स्वतः वापरलेली वस्तूही कायद्याने वगळलेली आहे. परंतु घरच्या मुलाने कॉलेजला न्यावयाची गाडी केवळ कर वाचविण्यासाठी पेढीच्या नावे घेणे म्हणजे थोडक्या लाभासाठी हा वाद ओढवून घेणे होय.

ज्ञात दोषाची आणखी एक बाजू आहे, आणि ती मालकावरच उलटते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 190 नुसार, रस्त्यावर धोका निर्माण करील असा दोष माहीत असूनही, किंवा साधी काळजी घेतली असती तर कळला असता असा दोष असूनही, जो गाडी चालवितो अथवा दुसऱ्यास चालवू देतो, तो शिक्षेस पात्र ठरतो. दंड 1,500 रुपये. त्या दोषामुळे अपघात होऊन कोणास इजा झाली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. उत्पादकाविरुद्ध जपलेले जॉबकार्ड, 'ब्रेक नीट लागत नाही' असे ज्यावर मालकानेच लिहविले आहे, तेच या प्रसंगी मालकाला दोष ठाऊक होता याचा पुरावा ठरते.

दुकानाची गाडी बहुधा मालक चालवीत नाही. वसुलीला जाणारा मुलगा चालवितो, माल पोहोचविणारा नोकर चालवितो, आणि ब्रेकची कुरबूर त्याने दोनदा सांगितली तरी 'या आठवड्यात चालव, भाग आला की बदलू' असे उत्तर त्याला मिळते. भाग कंपनीने फुकट द्यावा की मालकाने विकत घ्यावा, हा वाद सहा महिने चालू शकेल. तो मिटेपर्यंत गाडीची किल्ली गल्ल्यात ठेवावी आणि नोकराला रिक्षाचे भाडे द्यावे.