उसातला बिबट्या नकाशावर का दिसत नाही?

बारामती, इंदापूरकडे बिबट्या दिसला की व्हॉट्सअ‍ॅपवर एकच वाक्य फिरतं, 'जंगलातून भरकटून आला.' पण तो उसातच जन्मला असेल तर?

आकडा काय सांगतो?

फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या अहवालानुसार देशात १३,८७४, तर महाराष्ट्रात १,९८५ बिबटे आहेत. पण हा अंदाज प्रामुख्याने जंगलांतल्या पाहणीवर आधारलेला आहे. ऊसपट्ट्यातले बिबटे त्यात धरलेलेच नाहीत.

शेतात बिबट्या राहू शकतो?

हो. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या अकोले खोऱ्यात जंगल नाही, दाट लोकवस्ती आहे. तिथे विद्या अत्रेया आणि सहकाऱ्यांना दर १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ५ प्रौढ बिबटे आढळले (२०१३). त्यांचं मुख्य खाद्य होतं कुत्री. नीरा कालव्याच्या पाण्यावरच्या उसातही लपायला जागा, पाणी आणि कुत्री-शेळ्या आहेतच.

नकाशा कसा बनतो?

ठसे, कॅमेऱ्यातले फोटो आणि जनावरांवरच्या हल्ल्यांची ठिकाणं जीपीएसवर नोंदवली जातात. त्यावर पीक, पाणी, रस्ते आणि वस्त्यांची माहिती चढवली की बिबट्या कुठे असण्याची शक्यता जास्त, हे कळतं.

अडचण अशी की ऊस कायम उभा नसतो. गाळप हंगाम सुरू झाला की फड मोकळे होतात आणि तोडणीत पिल्लं सापडतात. म्हणून पावसाळ्याचा नकाशा वेगळा, तोडणीचा वेगळा हवा. शिवाय याच तालुक्यांत सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य आणि कडबनवाडीचं माळरान आहे. तिथल्या चिंकारा आणि लांडग्याला उघडं गवत लागतं. बिबट्याचा नकाशा त्यांना लागू होत नाही.

नकाशाचा उपयोग काय?

'पिंजरा लावा, दूर सोडा' हा उपाय जुन्नर परिसरात करून झाला आहे. २००१ पासून पकडलेले बिबटे दुसरीकडे सोडले गेले. त्यानंतर माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेल्याचं अभ्यासात दिसलं.

चांगला नकाशा वेगळे प्रश्न सोडवतो. रात्री पाणी धरावं लागू नये म्हणून दिवसा वीज आधी कोणत्या गावाला द्यायची? बंदिस्त गोठे कुठे हवेत? ऊसतोड कामगारांच्या कोप्या फडापासून किती लांब असाव्यात? बिबट्या वाचवायचा असेल, तर आधी त्याच्या शेजारची माणसं सुरक्षित हवीत.