युद्धाचे कंत्राट

'वॉर, इन्क.' या २००८ च्या अमेरिकन उपहासपटात तुराकिस्तान नामक कल्पित देशातील अख्खे युद्ध एका कंपनीस कंत्राटाने दिलेले आहे. तेथील व्यापारी प्रदर्शनात पाय गमावलेल्या स्त्रिया कृत्रिम पायांवर नाचतात. हा विनोद अतिरंजित आहे, असे म्हणणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. चित्रपट येण्याआधीच, १६ सप्टेंबर २००७ रोजी, बगदादच्या निसूर चौकात ब्लॅकवॉटर कंपनीच्या भाडोत्री रक्षकांनी १७ इराकी नागरिक मारले होते; त्यांत ९ वर्षांचा एक मुलगा होता. २०१४ मध्ये चौघे दोषी ठरले. डिसेंबर २०२० मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी चौघांनाही माफी दिली. पडद्यावरील थट्टा दोन तासांत संपते. परंतु ज्या युद्धातून नफा मिळतो ते संपावे, असे कंत्राटदारास का वाटावे?