ईदचा बोकड आणि आपला लाड

बकरी ईद जवळ आली की आमच्या मोहल्ल्यात चढाओढ सुरू होते, कुणाचा बोकड जास्त खातो याची. कुणी बाजरी घालतं, कुणी भिजवलेले चणे, कुणी रात्रीच्या उरलेल्या चपात्या. पोरं तर बिस्किटाचा अख्खा पुडा पुढं धरतात. मीही यात मागे नव्हतो.

एका वर्षी ईदला चार दिवस असताना आमच्या बोकडानं खाणं सोडलं. मान मागे टाकून आभाळाकडे बघत उभा राहायचा, मग भिंतीला डोकं लावायचा. अब्बा म्हणाले, नजर लागली. खरं तर त्याचीच नजर गेली होती, समोरचा चारा त्याला दिसत नव्हता. जनावरांच्या डॉक्टरांनी आधी हेच विचारलं, "काय काय खाऊ घातलं?"

गवतातला कडक धागा पचवणारं एन्झाइम बोकडाच्या स्वतःच्या शरीरात बनतच नाही. ते काम त्याच्या कोठीपोटातले जिवाणू करतात, आणि ब गटातली जीवनसत्त्वंही तेच पुरवतात. सवय नसताना एकदम धान्य पडलं की तिथं आम्ल वाढतं. चारा पचवणारे जिवाणू मरू लागतात आणि थायमिनेज हे एन्झाइम तयार करणारे जिवाणू माजतात. थायमिनेज ब-१ जीवनसत्त्व तोडून टाकतं. ब-१ नसेल तर साखरेतून ताकद काढणारी एन्झाइमं अडून बसतात, आणि मेंदू तर त्या साखरेवरच चालतो. पोट धान्यानं भरलेलं आणि मेंदू उपाशी, अशी गत.

ब-१ची इंजेक्शनं वेळेवर मिळाली म्हणून आमचा बोकड वाचला. उशीर झाला तर मेंदूचं नुकसान भरून येत नाही.

आंधळं किंवा उघड आजारी जनावर कुर्बानीला चालत नाही, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. बाजारात आपण दात बघतो, शिंगं बघतो, चालवून बघतो. आणि घरी आणून प्रेमानं तेच जनावर बिघडवतो. मला यात अज्ञानापेक्षा मिरवण्याची हौस जास्त दिसते. शेळीपालकही धान्य घालतात की, असं कुणी म्हणेल. घालतात, पण मूठमूठ वाढवत, दोन-तीन आठवडे घेऊन, आणि चारा न तोडता.

आता मी विकणाऱ्याला भावाआधी विचारतो, "काल काय खाल्लं यानं?" तो हसतो. घरी आणल्यावर तोच चारा चालू ठेवतो, शेवरीचा पाला बांधतो. पोरांच्या हातातला बिस्किटाचा पुडा काढून घेणं मात्र अजून जमलेलं नाही.