दुसरा आणि चौथा शनिवार

बँकांना महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी मिळायला लागली ती १ सप्टेंबर २०१५ पासून. त्यामागे कर्मचारी संघटनांचा वेतन करार होता. घटस्फोटित बापांचा विचार त्यात कुणी केला असेल असं वाटत नाही. पण कोथरूडमध्ये एकटा राहणाऱ्या, बँकेत कर्जाच्या फायली तपासणाऱ्या एका गृहस्थाचं सगळं वेळापत्रक आज त्या करारावर चालतं. परस्पर संमतीच्या घटस्फोटात वकिलांनी कन्सेंट टर्म्स लिहायला घेतल्या, तेव्हा ‘ॲक्सेस’च्या कलमात त्याच्या सुट्ट्या बघूनच ओळ घातली गेली: दुसरा आणि चौथा शनिवार, सकाळी दहा ते संध्याकाळी सात. मे महिन्याची सुट्टी निम्मी-निम्मी. पाडवा आणि दिवाळी आलटून-पालटून.

हा गृहस्थ हौशी फोटोग्राफर आहे, आणि त्या ओळीतला ‘दहा’ त्याला सलतो.

मार्चच्या मध्यावर पुण्यात सूर्य पावणेसातच्या आसपास उगवतो. पुढचा तास-सव्वा तास प्रकाश तिरपा, पिवळसर आणि मऊ असतो. वेताळ टेकडीवर कॅमेरे गळ्यात अडकवून फिरणारी मंडळी त्यासाठीच पहाटे उठतात. नऊ वाजले की आकाश पांढुरकं होतं. दुपारी सूर्य जवळजवळ सत्तर अंशांवर चढतो, माणसाच्या डोळ्यांखाली काळ्या खाचा पडतात, फुलांचा रंग उडतो. अकरा वर्षांची लेक सोसायटीच्या फाटकातून पाठीला सॅक लावून बाहेर येते, तेव्हा ती सगळी मंडळी टेकडी उतरून मिसळ खात बसलेली असतात. दिवसातला फोटोसाठी सर्वांत वाईट प्रकाश ज्या तासांत असतो, नेमके तेच तास कायद्याने त्याच्या वाट्याला आलेत.

कायदा तसा बरा वागला म्हणायचा. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब नुसार संमतीच्या घटस्फोटातही पहिल्या आणि दुसऱ्या अर्जामध्ये सहा महिने थांबावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या खटल्यात सांगितलं की ही मुदत बंधनकारक नाही, परिस्थिती बघून न्यायालय ती माफ करू शकतं. यांनी माफी मागितली नाही. सहा महिने पुरवून वापरले आणि त्यातले बरेचसे फ्लॅटच्या हप्त्यांवर आणि दागिन्यांच्या यादीवर गेले.

फोटोंची वाटणी मात्र एका दुपारी उरकली. एक टेराबाइटची हार्ड डिस्क, कॉपी, पेस्ट. संसारातली ही एकच गोष्ट अशी, की दोघांनी सगळीच्या सगळी घेतली तरी कुणाचं काही कमी झालं नाही. लेकीचं बारसं, पहिला दात, गणपतीत फेटा बांधून घेताना केलेला आकांत, हे सगळं आता दोन घरांत सारखंच आहे. लेकीच्या आईने फोल्डर उघडून बघितले आणि म्हणाली, “यात तू कुठेच नाहीयेस.” खरंच नव्हता. कॅमेरा त्याच्या हातात असायचा ना. घरच्या अल्बममधून बाप गायब असणं हे न्यायालयाच्या हुकमाच्या कितीतरी आधीपासूनचं होतं, आणि तेव्हा ते कुणालाच खटकलं नव्हतं.

आता वसंताकडे येऊ. पंचांगात तो चैत्र-वैशाखाचा, पण झाडं पंचांग बघत नाहीत. पुण्यातली काटेसावर जानेवारीच्या अखेरीपासूनच फुलायला लागते. पानं सगळी गळलेली, करड्या काटेरी फांद्यांवर हाताच्या पंजाएवढी जाड पाकळ्यांची फुलं, आणि मधासाठी साळुंक्या, कावळे, भोरड्या यांची भांडणं. पानं आड येत नसल्यामुळे ही लाल फुलं पक्ष्यांना लांबून दिसतात. डिजिटल कॅमेऱ्याला मात्र ती झेपत नाहीत. लाल रंगाची नोंद बाकीच्या रंगांच्या आधी ओसंडते आणि पाकळ्यांच्या शिरा पुसल्या जाऊन नुसता लाल गोळा उरतो. जाणकार म्हणूनच एक्स्पोजर थोडं खाली ओढतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस पेटतो, पांगाराही त्याच सुमारास. मार्चमध्ये घाटाकडे गेलं तर कुसुंबाची कोवळी पालवी इतकी लालभडक, की नवखा माणूस तिला फुलंच समजतो. पिंपळ तांबूस, करंज पोपटी, कडुनिंब पाडव्याच्या सुमाराला मोहोरलेला. एप्रिल-मेमध्ये बहावा.

म्हणजे वसंत पाळ्या लावून येतो. यातली कुठली पाळी दुसऱ्या-चौथ्या शनिवारी पडेल, हा सगळा नशिबाचा भाग. ज्या महिन्यात पाच शनिवार असतात, त्याच्यानंतर मधली फट दोनऐवजी तीन आठवड्यांची होते. मार्च २०२५ तसाच होता: २२ तारखेचा चौथा शनिवार झाला, की थेट १२ एप्रिल. त्या फटीत ३० तारखेला गुढीपाडवा होता, आईच्या वाट्याचा, आणि ३१ ला बँकेचा इयर-एंड. पळस त्याच दिवसांत झडून गेला. बापाने एका रविवारी एकट्याने जाऊन त्याचे फोटो काढले. फोटो उत्तम आले. लेकीला व्हॉट्सॲपवर पाठवल्यावर तिचा अंगठा आला, नुसता अंगठा.

टेकड्यांवर याच दिवसांत गिरिपुष्पाला फिकट गुलाबी बहर येतो आणि समाजमाध्यमांवर पुण्याचा ‘चेरी ब्लॉसम’ म्हणून गाजतो. हे झाड मध्य अमेरिकेतलं, वनीकरणात इथे भरमसाट लावलं गेलं, आणि देशी झाडांचे कैवारी त्याच्या नावाने बोटं मोडतात. त्यांचं बरोबरच आहे. पण गुलाबी फांदीखाली फोटोसाठी लागलेली रांग बघितली, की परकं झाड म्हणून कुणाला थांबवावं असंही वाटत नाही. बापाने लेकीला तिथे उभं राहायला सांगून पाहिलं. तिने मान हलवली. समोरून फोटो काढलेला तिला हल्ली चालत नाही. मैत्रिणींबरोबर सेल्फी चालतो, बाबाचा कॅमेरा नाही. यात घटस्फोटाचा संबंध नसावा. अकरा वर्षांच्या बहुतेक मुली आईबाप एका छताखाली असले तरी हेच म्हणतात. पण महिन्यातून दोनदा भेटणाऱ्या बापाला कुठल्याही नकाराचं मूळ त्या एका कागदात सापडतं.

वावळाचं झाड मात्र तिला आवडतं. मार्चमध्ये वावळ बिनपानांचा असतो, पण लांबून हिरवागार दिसतो, कारण फळांचेच घोस लगडलेले असतात. पातळ, गोल, मधोमध एक बी असलेल्या चकत्या. वाळल्या की वाऱ्यावर उडत जातात. लेक सावलीत दगडावर बसली, खाली पडलेल्या घोसातली एक वाळकी चकती उचलली, नखाने कडेचा पापुद्रा उकलला आणि आतली बी तळहातावर ठेवून फुंकर मारली. मग ती दातात धरली. “चारोळीसारखी लागते.” एक बी तिने बाबासाठीही सोलली.

बापाने ५० मिलिमीटरची लेन्स लावली आणि फक्त हात टिपले. सावलीतला प्रकाश साडेअकरालाही मऊच असतो, डोक्यावर ऊन कितीही असो. नखाखाली माती, अंगठ्याजवळ निळ्या पेनचा डाग, बोटांच्या चिमटीत तो पापुद्रा, इतका पातळ की त्याच्या शिरा पलीकडच्या उजेडात दिसाव्यात. हाताच्या फोटोंना तिची हरकत नव्हती. नंतर तिने कॅमेरा मागून घेतला, डायल फिरवत बसली आणि बाबाचे भराभर फोटो काढले. बहुतेकांत फोकस मागच्या फांदीवर, एकात नुसतं कोपर. ते सगळे त्याने ठेवलेत, एकही डिलीट केलेला नाही.

फाइलला तारीख आपोआप चिकटते. गेल्या काही वर्षांचं लेकीचं फोल्डर तारखेने लावलं, की ते टप्प्याटप्प्याने उड्या मारत जातं: या शनिवारी दात पडलेला, पुढच्या वेळी अर्धा आलेला. रोज बघणाऱ्याला मूल वाढताना दिसत नाही. याला दिसतं, आणि ते फार काही सुखाचं नाही.

मे महिन्याच्या निम्म्या सुट्टीसाठी यंदा बापाने बेत आखला होता. बहावा, शून्य सावलीचा दिवस (पुण्यात तो १३ मेच्या आसपास येतो), आणि तिच्या मुक्कामात सकाळी सहाला टेकडी, कारण आता तरी ‘दहा’ची अट नाही. लेकीने गेल्या शनिवारी वेगळाच कागद पुढे केला, पोहण्याच्या शिबिराचा. बॅच सकाळी सव्वासहा ते सात, मैत्रीण त्याच बॅचला. बहाव्याचा विषय त्याने काढला. “संध्याकाळी जाऊ की,” ती म्हणाली, “तेव्हा पण तुझा तो पिवळा प्रकाश असतोच ना?” मुद्दा बिनतोड होता. फॉर्मवर पालकाच्या सहीसाठी एकच चौकोन होता आणि आईची सही आधीच झालेली होती. पैसे त्याने तिथल्या तिथे फोनवरून भरले, आणि तलावावर फोटो काढायला मनाई असल्याची सूचना पावतीवर वाचली.