सुकेळीला नाव आहे, विकणाऱ्याला नाही

कार्तिकात पालघर जिल्ह्यातल्या निर्मळची यात्रा भरली की गिऱ्हाईक सुकेळी शोधत येतं. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवलेली, मधाच्या रंगाची, केळीच्याच सुक्या पानात बांधलेली. एवढं देखणं वेष्टण परसात फुकट मिळत असताना काही जण ती चकचकीत प्लास्टिकच्या डब्यात कशाला भरतात, कोण जाणे! खरी उणीव वेगळीच आहे. पुडकं घरी जाऊन फस्त होतं आणि ते कुणाकडून घेतलं हे चार दिवसांत कुणालाच आठवत नाही. पानाला एक चिठ्ठी बांधून तिच्यावर घराण्याचं नाव, गाव, व्हॉट्सअ‍ॅप क्रमांक आणि वाळवल्याची तारीख छापली, तर पुढची मागणी यात्रेची वाट पाहत बसणार नाही. (पाकीटबंद खाद्यपदार्थावर एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक हवाच, तोही तिथेच बसतो.) मोबाइलवर टाकायला तयार मालाच्या फोटोपेक्षा उन्हात केळी परतणाऱ्या हातांचा छोटा व्हिडिओ बरा, गिऱ्हाइकाला तो पटतो. याच जिल्ह्यात डहाणू-घोलवडच्या चिकूपाठोपाठ २०२३ साली बहाडोलीच्या जांभळालाही भौगोलिक मानांकन मिळालं. पण मानांकनाने गावाचा माल ओळखला जातो, घरचा नव्हे. तेव्हा सुकेळीवाल्यांनी यंदाच्या यात्रेआधी चिठ्ठ्या छापून घ्याव्यात.